आदिलाबादचा एक रविवार: दोन धबधबे, ज्वारीची भाकरी आणि मोहाचे लाडू

हैदराबादच्या मराठी घरांमध्ये नागपूरचा रस्ता तोंडपाठ असतो. मेडचल, कामारेड्डी, आर्मूर, सोनजवळचा गोदावरीचा पूल, निर्मल आणि मग एकदम पैनगंगा. पैनगंगेचा पूल ओलांडला की गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "आला बाई महाराष्ट्र!" निर्मल आणि पैनगंगा यांच्यामध्ये जवळजवळ शंभर किलोमीटरचा रस्ता आहे. त्यातला बराचसा आदिलाबाद जिल्ह्यातून जातो. तिथे आपण डिझेल भरतो, चहा पितो आणि पुढे निघतो. दिवाळीला जाताना झोपेत आणि परत येताना घाईत, एवढीच आपली या जिल्ह्याशी ओळख.

म्हणून यंदा आपल्या मंडळाच्या सहलीसाठी आमच्या तरुण गटाने आदिलाबादचं नाव सुचवलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी शांतता पसरली. मग एक प्रश्न आला, "तिथे बघायला काय आहे?" दुसरा त्याहून महत्त्वाचा: "आणि जेवायचं काय?" आम्ही अनेक जण सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे लगेच एक शीट तयार झाली. ठिकाण, वेळ, अंतर, खाणं, स्वच्छतागृह असे रकाने पडले. जेवणाचा रकाना भरला आणि विरोध मावळला. दिवाळीच्या आधीचा रविवार ठरला. सव्वीस जण, एक मिनीबस, सर्वांत लहान सदस्य सहा वर्षांची आणि सर्वांत ज्येष्ठ आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे.

शनिवारी दुपारी निघून आम्ही मुक्कामाला निर्मलला पोचलो. निर्मलची लाकडी खेळणी सगळ्यांना माहीत असतात. 'पोनकी' नावाच्या हलक्या लाकडाची ही फळं, पक्षी, प्राणी करणाऱ्या कारागिरांना नकाश म्हणतात, आणि या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही आहे. संध्याकाळी दुकानात शिरलेली मुलं लाकडी पेरू, सीताफळ आणि केळी घेऊन बाहेर आली. त्यातलं खरं सीताफळ दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ढिगांनी भेटणार होतं.

सकाळ: कुंटाला

सहाला बस सुटली. निर्मल मागे पडलं की डोंगर सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना सागाचं जंगल येतं. जुन्या गॅझेटिअरमध्ये या डोंगररांगेला 'सह्याद्रिपर्वत किंवा सातमाळा' असं नाव दिलेलं आहे. हे सांगितल्यावर बसमधले पुणेकर जावई सावरून बसले. सह्याद्री आपल्याला लोणावळ्यापाशी भेटतो, तो इथेही नावाने हजर असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

नेरेडिगोंडाला महामार्ग सोडून सुमारे बारा किलोमीटर आत गेलं की कुंटाला. कडम नदी इथे 147 फूट खाली उतरते, म्हणजे जवळजवळ पंधरा मजली इमारतीइतकी. तेलंगणातला हा सर्वांत उंच धबधबा मानला जातो. पाणी एका झेपेत पडत नाही, पायरीपायरीने फुटत येतं. वरून पाहिलं तर नुसता पांढरा फेस दिसतो. खरा आवाका खाली गेल्यावर कळतो. खाली जायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आजोबांनी वरच्या कट्ट्यावर बसून थर्मासमधला चहा पिणं पसंत केलं, आणि चढून परत येताना आमची जी अवस्था झाली ती पाहून त्यांचाच निर्णय शहाणपणाचा ठरला.

कुंटाला हे नाव शकुंतलेवरून आलं, दुष्यंत आणि शकुंतला या रानात भेटले, असं इथे सांगतात. धबधब्यापाशी सोमेश्वर महादेवाचं स्थान आहे आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी होते. ही कडम नदी पुढे कडमच्या धरणात जाते आणि मग गोदावरीला मिळते. नाशिकला रामकुंडात पाहिलेल्या गोदावरीत पुढे हे पाणीही येतं, हे मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवलं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. कुंटाला दिसायला जितका सुंदर, तितकाच धोक्याचा आहे. कातळांमध्ये खोल डोह आहेत, ते वरून दिसत नाहीत. शेवाळलेल्या दगडांवर पाय टिकत नाही. इथे अनेकांचे जीव गेले आहेत आणि त्यात तरुण मुलं जास्त आहेत. आम्ही निघायच्या आधीच नियम केला होता: पाण्यात कुणीही उतरायचं नाही, सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जायचं नाही आणि प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठा माणूस. शाळेतल्यासारखं वाटलं खरं, पण कुणी कुरकुर केली नाही.

पोचेरा आणि सीताफळं

परत नेरेडिगोंडाला आलो. गरम इडली, वडा आणि शेंगदाण्याची पातळ चटणी. "चटणी आपल्यासारखीच आहे, फक्त खोबरं कमी आणि मिरची जास्त," असा निकाल एका काकूंनी दिला आणि तिसऱ्यांदा चटणी मागून घेतली.

तिथून पोचेरा. हा बोथ मंडलात येतो. उंची साधारण 20 मीटर, म्हणजे कुंटालाच्या निम्म्याहून कमी. पण रुंद पसरलेलं पाणी एकदम खोल डोहात कोसळतं, त्यामुळे आवाज मोठा. इथे पायऱ्या कमी आहेत, वाट सोपी आहे. ज्यांच्या घरात गुडघेदुखीवाली मंडळी आहेत त्यांनी कुंटालाऐवजी थेट पोचेरा गाठावा. आजोबा इथे अगदी समोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या चष्म्यावर तुषार उडाले आणि त्यांनी तो बराच वेळ पुसला नाही.

महामार्गावर जागोजागी सीताफळांच्या पाट्या होत्या. ही रानातली सीताफळं. आकाराने लहान, डोळे मोठे, गोडी विचारू नका. सकाळी तोडून, डोक्यावरून आणून बायका इथे विकायला बसतात. आमच्यातल्या एकीने मोडक्यातोडक्या तेलुगूत भाव विचारला. समोरच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे मराठीत विचारलं, "किती पाहिजेत? पिकलेली देऊ का उद्यासाठी देऊ?"

बसमध्ये यावर बरीच चर्चा झाली. नववीत शिकणाऱ्या एका मुलीने सरळ प्रश्न केला, "या लोकांना मराठी कसं येतं? हे महाराष्ट्रातून इकडे आलेत का?" तिचा प्रश्न स्वाभाविक होता. हैदराबादमध्ये आपण मराठी म्हणजे कुणाचे आजोबा नोकरीसाठी आले, कुणाचे बाबा आयटीत आले. आपल्या मुलांच्या डोक्यात मराठी माणूस नेहमी दुसरीकडून आलेला असतो. उत्तर आम्ही दिलं नाही. ते तिला जेवणाच्या पंगतीत मिळालं.

दुपार: कापसाच्या कडेला पंगत

मंडळातल्या एका काकांचे मामेभाऊ इच्चोड्याजवळ शेती करतात. "हॉटेलात कशाला, घरी या," असा त्यांचा आग्रह होता. घराच्या मागे कापूस फुटायला लागला होता. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. दसरा ते दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी सुरू होते आणि मग आदिलाबादच्या बाजार समितीबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. आमच्यातल्या बहुतेक मुलांनी कापूस झाडावर पहिल्यांदा पाहिला. एकाने बोंड हातात घेऊन विचारलं, "म्हणजे टी-शर्ट असा येतो?"

जेवण अंगणात, पत्रावळीवर. ज्वारीची भाकरी, इकडे तेलुगूत 'जोन्ना रोट्टे'. अंबाडीची भाजी घातलेली डाळ, तेलंगणात अंबाडीला 'पुंटीकूर' म्हणतात. चिंचेच्या कच्च्या कोळात कांदा, मिरची घालून केलेलं 'पच्ची पुलुसु'. ते न उकळता करतात आणि उन्हातून आलेल्या माणसाला दुसरं काही नको वाटतं. हिरव्या मिरचीचा ठेचा होताच. आणि सगळ्यांची झुंबड उडाली ती 'सर्वपिंडी'वर. तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचा कूट, तीळ, कढीपत्ता, तिखट घालून मळायचं, खोलगट भांड्याला आतून थापायचं, मध्ये बोटांनी भोकं पाडून तेल सोडायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर कुरकुरीत होऊ द्यायचं. आपल्या थालीपिठाची ही बहीणच, फक्त भांड्यात वाढलेली.

वाढणाऱ्या मावशी सत्तरीच्या. त्यांची मराठी ऐकायला गोड. मधेच वऱ्हाडी हेल, मधेच तेलुगू शब्द. "काहून लाजता पोट्टेहो, घ्या नं अजून एक." आमच्या त्या नववीतल्या मुलीने धीर करून त्यांना विचारलं, "आजी, तुम्ही महाराष्ट्रातून कधी आलात?"

मावशींना प्रश्नच कळला नाही. मग त्या हसल्या. "आम्ही कुठून नाही आलो माय. सासर हेच, माहेर किनवटाकडचं. माझ्या लहानपणी माहेरचे म्हणत, किनवट न् आदिलाबाद एकच जिल्हा होता."

आणि ते शब्दशः खरं आहे.

रेघ कुठून गेली

हे थोडं समजून घेण्यासारखं आहे, कारण शाळेच्या पुस्तकात ते आपल्याला या बाजूने कधी कुणी सांगितलेलं नाही. 1 नोव्हेंबर 1956पर्यंत हैदराबाद नावाचं एक राज्य होतं आणि त्यात मराठी, तेलुगू, कन्नड असे तिन्ही भाषांचे जिल्हे होते. भाषावार राज्यरचना झाली तेव्हा जिल्हे अख्खे उचलून दिले नाहीत. काही ठिकाणी तालुके, काही ठिकाणी महसुली मंडळं वेगळी केली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे गेलं. राजुरा आधी नांदेड जिल्ह्यात होतं, 1959मध्ये ते चांदा जिल्ह्यात म्हणजे आजच्या चंद्रपुरात गेलं. उलट बाजूने नांदेडच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आदिलाबादला जोडली गेली. आपण मुलांना पाटीपूजनाला घेऊन जातो ते बासर त्याच मुधोळच्या भागातलं.

पुढे आंध्र प्रदेश, 2014मध्ये तेलंगणा आणि 11 ऑक्टोबर 2016ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. नकाशा बदलत गेला, पण मावशींचं माहेर आणि सासर जागच्या जागी राहिलं. आंध नावाच्या आदिवासी समाजाची वस्ती नांदेड, यवतमाळमध्ये आहे तशी इथेही आहे आणि त्यांची भाषा मराठीच. आसिफाबादच्या केरामेरी मंडलात आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात तर परमडोली, मुकदमगुडा अशी काही गावं आहेत, ज्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा आहे आणि तिथले लोक दोन्ही राज्यांच्या निवडणुकांत मतदान करत आले आहेत.

भाकरी खाता खाता एवढा इतिहास झाला. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण इथे पाहुणे आहोत, आणि या इथल्याच." अगदी बरोबर.

केस्लापूरचा नागोबा

जेवणानंतर बसमध्ये निम्मी मंडळी झोपली. गुडिहत्नूरला महामार्ग सोडून आम्ही उटनूरच्या रस्त्याला लागलो. इंद्रवेल्ली मंडलातलं केस्लापूर म्हणजे गोंड समाजातल्या मेस्राम कुळाचं मोठं दैवत, नागोबा. पौष अमावास्येला इथे जत्रा भरते. तिच्या आधी मेस्राम मंडळी पायी चालत जाऊन हस्तिनमडुगु इथून गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो. पूजेची मडकी सिरिकोंड्याचे कुंभार घडवतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी ओळख करून देण्याचा विधी असतो, त्याला 'भेटिंग' म्हणतात. पांढऱ्या साडीतल्या सुना, डोक्यावरून पदर, आणि त्या दिवसापासून त्या कुळाच्या.

आम्ही गेलो तेव्हा जत्रा नव्हती, आवार शांत होतं. दगडी कोरीव कामाच्या नव्या मंदिराची प्रतिष्ठापना 2022च्या डिसेंबरात झाली. ते मेस्राम कुळाने आपापसात वर्गणी काढून बांधलं.

जत्रेतला आणखी एक भाग आमच्या पिढीला विशेष वाटेल. तिथे सरकारी अधिकाऱ्यांचा दरबार भरतो आणि आदिवासी आपल्या अडचणी थेट मांडतात. याची सुरुवात 1940च्या दशकातली. 'आरआरआर' चित्रपटातलं भीमचं पात्र ज्यांच्यावरून घेतलं त्या कोमरम भीम यांनी जल, जंगल, जमिनीच्या हक्कासाठी निजामाच्या सत्तेविरुद्ध लढा दिला आणि 1940मध्ये जोडेघाटला त्यांना मारण्यात आलं. त्यांची पुण्यतिथी तिथे आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला पाळतात. हा उठाव का झाला ते शोधण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो मारलावाई गावात गोंडांमध्ये राहिला, त्यांच्यासाठी शाळा उघडल्या. त्या शाळांसाठी केलेली गोंडी पुस्तकं देवनागरी लिपीत होती.

त्या काळात इथे काम केलेलं आपल्यातलं एक मोठं नाव म्हणजे सेतुमाधवराव पगडी. आपण त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. पण हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम केलं, गोंडी भाषा शिकून घेतली, तिचं व्याकरण लिहिलं आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. ज्या लोकांसाठी काम करायचं त्यांची भाषा आधी शिकायची, हा त्यांचा रिवाज. तीस वर्षं हैदराबादेत राहून तेलुगूत भाजीवाल्यापलीकडे न गेलेल्या आपल्यापैकी काहींनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

चहाची वेळ: मोहाचे लाडू

उटनूरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. इथे एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचं कार्यालय आहे आणि त्यांच्या मदतीने आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहाचे लाडू करते. तेलुगूत मोहाला 'इप्पा' म्हणतात, म्हणून हे 'इप्पा पुव्वू लाडू'.

मोह म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट आठवते आणि ती बाटलीत असते. बसमधल्या काकांच्या चेहऱ्यावर तो आशावाद लपत नव्हता. पण मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडणारी ही फुलं गोंडांचं जुनं अन्न आहे. फुलं वेचून वाळवायची, साफ करून भाजायची, त्यात गूळ, शेंगदाणे, तीळ घालून लाडू वळायचे. चव कशी? खजूर आणि भाजलेला गूळ यांच्या मधली, आणि मागे फुलाचा हलका वास. पहिला घास घेऊन मुलं थांबली, दुसऱ्याला सरावली, तिसऱ्याला डबा मागू लागली. आश्रमशाळांतल्या मुलांनाही हे लाडू देतात. मार्च 2025च्या 'मन की बात'मध्ये आदिलाबादच्या मोहाच्या पदार्थांचा उल्लेख झाल्यापासून हे नाव बाहेरही पोचलं.

आमच्यात एक मैत्रीण कंपनीच्या कामासाठी जपानला राहून आलेली. तिने तिथली गोष्ट सांगितली. ओइता प्रांताचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी 1979मध्ये 'एक गाव, एक उत्पादन' अशी चळवळ सुरू केली. प्रत्येक गावाने आपल्याकडे चांगलं पिकतं किंवा बनतं ते एक शोधायचं, त्यात तरबेज व्हायचं आणि जगाला विकायचं. म्हणून जपानमध्ये प्रवासी स्टेशनावर उतरला की त्या गावची खासियत असलेला खोका घेऊनच निघतो. निर्मलची खेळणी, आसिफाबादकडच्या उशेगावची ढोकरा धातुकला, उटनूरचे लाडू यांच्यात तेवढीच ताकद आहे. फरक एवढाच, की आपण ते घ्यायला गाडी थांबवत नाही. त्या दिवशी आम्ही थांबवली आणि बेचाळीस डबे घेतले. दिवाळीच्या फराळाच्या ताटात यंदा ते असतील.

संध्याकाळ: दंडारी

दिवाळीच्या आधीचा रविवार निवडला तो यासाठी. आश्विन पौर्णिमेनंतर गोंड गावांमध्ये दंडारी सुरू होते. एका गावचा नाचणारा संघ दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो, रात्रभर नाचतो, जेवतो, आणि त्यातून सोयरिकीही जमतात. यातले मुख्य नर्तक म्हणजे गुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा मोठा मुकुट, कधी त्यावर शिंगं, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी, पायांत घुंगरू.

उटनूरजवळच्या एका गावात आमच्या यजमानांची ओळख होती. गावच्या पटेलांची परवानगी घेऊन आम्ही गेलो, चपला बाहेर काढल्या, आणि विचारल्याशिवाय कुणी मोबाइल वर केला नाही. ढोल वाजू लागला तशी अंगणातली माती हलल्यासारखी वाटली. पाच मिनिटांत मुलांचे पाय आपोआप ठेका धरू लागले. याच गुसाडी नृत्यासाठी मारलावाईचे कनक राजू यांना 2021मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 2024च्या ऑक्टोबरात ते गेले. त्यांनी शिकवलेली मुलं आता नाचतात.

नाच थांबल्यावर तिथल्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलणं झालं. ते परधान. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत कथागायक. कीकरी नावाचं तंतुवाद्य वाजवत ते कुळांच्या उत्पत्तीच्या, देवांच्या, वीरांच्या कथा गोंडीत गातात. गोंड यजमान आणि परधान गायक यांचं नातं पिढ्यान् पिढ्यांचं. आणि या भागातल्या परधानांची घरची भाषा मराठी आहे. हे पुस्तकात वाचलं होतं. तिथे त्यांनी आपल्या नातवाला "अरे, पाहुण्यांना पाणी दे" म्हटलं तेव्हा ते कानाने ऐकलं.

म्हणजे असं पाहा: गोंडांची सगळी स्मृती ज्यांच्या कंठात आहे, ते चुलीपाशी मराठी बोलतात. एक भाषा घरची, एक गाण्याची, आणि बाजारात तिसरी तेलुगू. तिन्हींचा त्यांना अभिमान, एकीचंही ओझं नाही. आपल्या मुलांना घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बाहेर तेलुगू-हिंदी बोलावं लागतं म्हणून आपण काळजी करतो. "कुठलीच धड येणार नाही," असं म्हणतो. या आजोबांना त्या तिन्ही धड येत होत्या, कारण प्रत्येकीचं त्यांच्याकडे काहीतरी काम होतं. मराठी टिकवायची तर तिला घरात काम द्यायला हवं. गोष्ट सांगायची, भांडायचं, हिशोब करायचा, पाहुण्याला पाणी द्यायचं, ते मराठीत.

रात्र: आदिलाबाद

आदिलाबाद शहरात पोचायला आठ वाजले. वाटेत अंधार झाला आणि माझी पाळी आली, कारण 'तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग' अशी मागणी होती. तेव्हा गुंजाळाची गोष्ट सांगितली. याच जिल्ह्यात नारनूर मंडलात गुंजाळा नावाचं गाव आहे. तिथे गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतली जुनी हस्तलिखितं घराघरांत जपलेली सापडली. अभ्यासक त्यांचा काळ 1750च्या आसपासचा मानतात. लिपी वाचू शकणारे थोडेच वृद्ध उरले होते. मग हैदराबादच्या अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी मिळून ती पुन्हा शिकवायला घेतली, टंक तयार झाला, आणि जून 2018मध्ये युनिकोडच्या 11व्या आवृत्तीत 'गुंजाळा गोंडी' दाखल झाली. जगातल्या कुठल्याही संगणकासाठी त्या प्रत्येक अक्षराला आता स्वतःचा क्रमांक आहे. आम्ही दिवसभर कोड लिहितो, पण एका खेड्यातल्या वहीतली अक्षरं तुमच्या-आमच्या फोनपर्यंत पोचणं, हे मला आमच्या क्षेत्रातलं फार मोलाचं काम वाटतं.

रात्रीचं जेवण साधं. गरम भात, वरण, लोणचं, आणि ज्यांना पचेल त्यांना झणझणीत गावरान कोंबडी. आदिलाबादला जुनी माणसं अजून 'एदलाबाद' म्हणतात. तेलुगूत 'एद्दु' म्हणजे बैल, इथे बैलबाजार भरायचा म्हणून ते नाव, असं सांगतात. आमची मंडळी मात्र त्या वेळी बैलासारखीच दमली होती, त्यामुळे व्युत्पत्तीवर वाद झाला नाही.

तुम्हाला जायचं असेल तर

* कधी: धबधब्यांना ऑगस्ट ते नोव्हेंबर उत्तम. मुसळधार पावसाच्या दिवसांत जाऊ नका. सीताफळ आणि दंडारी हवी असेल तर दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे. नागोबाची जत्रा पौष अमावास्येला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत.
* कसं: हैदराबादहून आदिलाबाद साधारण 300 किलोमीटर. शनिवारी निर्मलला मुक्काम केला तर रविवार पूर्ण मिळतो. मुंबई, नांदेडकडून येणाऱ्यांना रेल्वेने थेट आदिलाबादला उतरता येतं.
* किती: कुंटाला, पोचेरा, केस्लापूर आणि उटनूर एका दिवसात बसतात, पण पहाटे निघालं तरच. लहान मुलं असतील तर दोनपैकी एकच धबधबा निवडा.
* काय खावं: ज्वारीची भाकरी, पच्ची पुलुसु, सर्वपिंडी, रानची सीताफळं, मोहाचे लाडू. तिखट झेपत नसेल तर आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो.
* काय जपावं: कुंटालाच्या पाण्यात उतरू नका. आदिवासी गावात ओळखीशिवाय आणि परवानगीशिवाय जाऊ नका, फोटो विचारून काढा. प्लॅस्टिक परत आणा. आम्ही दोन पोती भरून आणली, त्यातलं निम्मं आमचं नव्हतं.
* आणि बोलायचं कसं: पहिलं वाक्य मराठीत बोलून पाहा. समोरून मराठी आली तर आनंद, तेलुगू आली तर शिकायची संधी.

नागोबाच्या जत्रेसाठी मंडळाची दुसरी बस काढायचं ठरतं आहे. चाळीस जागा आहेत आणि आजोबांनी खिडकीजवळची एक आधीच धरून ठेवली आहे.